विचारलं तर

तापीचं पाणी उतरून पंधरवडा होत आला, तरी सुरतेतल्या लिंबायतच्या गल्ल्यांतला चिखल वाळला नव्हता. वर पातळ खपली, खाली काळा रेंदा. मंगला दारात पाट टाकून साड्यांचे धागे कापत बसली होती. मधूनच वास असह्य झाला की पदर नाकाला लावी, पुन्हा कात्री उचली. गणपती उठून दोन-तीन दिवस झाले असतील. भरदुपारी तिला गल्लीच्या तोंडाशी तिचा नवरा भिकन दिसला. कारखान्यातली पाळी सुटायला अजून खूप अवकाश होता. एक हात भिंतीला लावत, चिखलातल्या विटा चुकवत तो येत होता.

"काय व्हयनं?"

"काही नही. थंडी वाजस."

घामानं साऱ्या गल्लीचे सदरे पाठीला चिकटले होते आणि हा माणूस गोधडी मागत होता. मंगलानं गोधडी टाकली, तिच्यावर आपली दोन लुगडी टाकली. तरी त्याचे दात वाजत होते. तासाभरानं थंडी गेली आणि अंग तव्यासारखं तापलं. नऊ वर्षांची योगिता शाळेतून आली, बापाच्या कपाळाला हात लावून तिनं तो झटकन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शहरात प्लेगची बातमी आली. आधी कोणी म्हटलं वेड रोडला माणसं मेली, मग कोणी म्हटलं शेजारच्याच वस्तीत. औषधांची दुकानं रिकामी झाली. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. भिकन ज्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, लूम चालवायचा, ते शेठनं बंद केलं आणि शेठ स्वतः गाडीत बसून कुठंसा निघून गेला. एकेक करत सगळीच खाती बंद पडली. रात्रंदिवस चाललेली ती खडखड थांबली, तेव्हा लोकांना गल्लीतली लहान पोरं किती रडतात ते कळलं.

"दवाखान्यात जाऊ," मंगला म्हणाली.

भिकन उठून बसला. "तठे गयात त्या परत उनात का? दारवर पोलीस बठेल शेतस. माले नही जानं." एवढं बोलताना त्याला खोकला आला. त्यानं तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला आणि भिंतीकडं पाहिलं. भिंत पत्र्याची होती, पलीकडं शेजारी होते.

मंगलालाही भीती होतीच.

त्याच संध्याकाळी उखा आला. उखा त्याच खात्यात मास्टर होता, बिघडलेले लूम दुरुस्त करायचा. शिंदखेड्याकडचाच, भिकनच्या बरोबरीनं सुरतेला आलेला. धुळ्याकडच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक माल टाकून रिकामा परत निघणार होता. उखानं दोन गल्ल्यांतली खानदेशी माणसं त्यात बसवायचं ठरवलं होतं. तो दारातूनच म्हणाला, "तुमनी तिघंसनी जागा धरी ठेवस. सकाळले लवकर या."

भिकन अंधारात बसून होता. "येतस, येतस," म्हणाला. उखा गेल्यावर तो मंगलाला म्हणाला, "कोणी इचारं तर सांगजो, रातपाळी करी करी डोळा सुजेल शेतस. समजनं का?"

मंगला भांडी गोणपाटात बांधत होती. तिनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भिकनला ते खटकलं. तो म्हणाला, "तुना तो रविवार आठेच ठेव. गाडीमा आणू नको."

तिचा रविवार म्हणजे गोडादऱ्यातली पत्र्याची खोली. तीन वर्षांपूर्वी तिचा दुधपिता मुलगा गेला, तेव्हा नवापूरकडचे गावित भाऊ आणि त्यांची बायको रोज येऊन तिच्याजवळ नुसते बसायचे. गावित भाऊ आठवडाभर रंगाच्या मिलमध्ये राबायचे आणि रविवारी त्या खोलीत प्रार्थना चालवायचे. मंगला जाऊ लागली आणि पुढं वर्षभरानं तिनं बाप्तिस्मा घेतला. भिकन आला नाही, त्यानं अडवलंही नाही. गावित भाऊंचं एक बोलणं तिच्या मनात घट्ट बसलं होतं. ते म्हणायचे, "प्रभूला साक्ष द्यायची म्हणजे कुठं मोठ्या कचेरीत उभं राहायचं नाही, ताई. नळावर, रेशनच्या दुकानात, तिथंच तो विचारतो. तिथंच खरं सांगायचं."

त्यामुळं तिची पंचाईतच जास्त झाली होती. नळावर कोणाचा हंडा आधी होता यावरून भांडण झालं की बाया हिला विचारायच्या आणि हिनं सांगितलं की हिच्यावरच चिडायच्या. मागच्या उन्हाळ्यात तिच्या कात्रीनं एक साडी फाटली. बाया म्हणाल्या, गठ्ठ्यातून आली तशी म्हण. तिनं ठेकेदाराला सांगितलं, माझ्या हातून फाटली. महिनाभर तिला गठ्ठा मिळाला नाही. भिकन तेव्हा दोन दिवस नीट जेवला नव्हता. पण ती साडी होती. आताची गोष्ट निराळी होती.

सकाळी ती ट्रककडं निघाली तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आपण होऊन कोणाला काही सांगायचं नाही. कोणी विचारलंच नाही तर खोटं बोलायचा प्रश्नच येत नाही. हा हिशोब खोटा आहे हे तिला कळत होतं. पण डोळ्यांपुढं गाव दिसत होतं, सासूच्या घरची ओसरी दिसत होती. ती चालत राहिली.

ट्रकमध्ये माणसं उभी राहायला जागा नव्हती. पेट्या, गाठोडी, पितळेच्या कळश्या, एका पिंजऱ्यात पोपट. भिकन मागच्या फळीशी कोपऱ्यात बसला, अंगाला चादर लपेटून. त्याला पुन्हा थंडी भरत होती. योगिता त्याच्या पायाशी बसली. तेवढ्यात खालून हाक आली. "मंगला, याले जरा धर, माय. मी चढस."

ती सुभद्राबाई होती, मागच्या गल्लीतली. मंगलाचं मूल गेलं तेव्हा हिनंच त्याला शेवटची आंघोळ घातली होती. तिच्या सुनेला, सुवर्णाला, नुकतंच बाळ झालं होतं. सुभद्राबाईनं ते गाठोडं मंगलाच्या हातात दिलं, मग दोघी सासू-सुना फळीला लोंबकळत वर चढल्या आणि त्यांना जागा मिळाली ती नेमकी भिकनच्या शेजारी. मंगलानं बाळ परत दिलं. त्याच्या टाळूला तेलाचा वास होता. टाळू उडत होती.

ट्रक निघाला. कडोदऱ्यापर्यंतचा रस्ता गाड्यांनी भरून गेला होता. बस, टेंपो, रिक्षा, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, सगळी एकाच दिशेला. ट्रक दहा पावलं सरकायचा आणि थांबायचा. वरून ऊन आणि खालून इंजिनाचा धूर. भिकननं तोंड गुडघ्यांत खुपसलं होतं. खोकला दाबताना त्याची पाठ उचकत होती. प्रत्येक उचकीला मंगलाची नजर बाळाकडं जात होती. सुवर्णा पदराआड त्याला पाजत होती. तिचा खांदा भिकनच्या खांद्याला टेकला होता.

"हे देवा," मंगला मनात म्हणाली, "कोणी विचारू नये एवढं कर."

सुभद्राबाईनं कपाळावरचा घाम पुसला आणि भिकनकडं पाहिलं. तिनं संशयानं विचारलं नाही. उन्हात कोणी चादर घेऊन बसला तर विचारावं, तसंच विचारलं.

"मंगला, भिकनले ताप बीप नही ना?"

भिकननं गुडघ्यातून डोकं वर काढलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते थेट तिच्यावर होते. रातपाळीनं डोळे सुजलेत, एवढंच म्हणायचं होतं. सगळी खालच्या मानेनं पेंगत होती, कोणी पुढं विचारलंही नसतं.

"शे, मावशी," ती म्हणाली. "ताप शे. खोकला बी शे. तीन दिन व्हयनात. सुवर्णाले आन बाळले तिकडे सरकाव."

सुवर्णा किंचाळली आणि बाळाला छातीशी दाबून माणसांच्या अंगावरून पुढं धावली. सगळा ट्रक पुढच्या बाजूला रेटला गेला. कोणी ड्रायव्हरच्या टपावर हात आपटायला लागलं. "प्लेग शे! उतारा त्याले! खाले उतारा!" ट्रक थांबला. ज्या गर्दीत बोट शिरत नव्हतं, त्या गर्दीत भिकनच्या भोवती खाटेएवढी जागा मोकळी झाली.

उखा पुढून माणसं ढकलत आला. तो मंगलाकडं बघेना. "भिकन," तो म्हणाला, "माले काल सांगं असतं तर..."

"ती येडी व्हयनी शे," भिकन म्हणाला. "जागरण शे नुसतं." पण त्याला खोकला आला आणि या वेळी टॉवेल खाली पडला.

त्यांना कोणी हात लावला नाही. हात लावायचा नव्हता म्हणून बांबूनं ढोसलं. भिकन फळीवरून उतरताना गुडघ्यावर पडला. मंगला उतरली. तिचं गोणपाटाचं गाठोडं कोणी पायानं लोटून दिलं, ते फुटलं आणि ताटल्या डांबरावर घरंगळत गेल्या. योगिता फळीशी उभी राहून रडत होती.

उखा खाली वाकला. "पोरगीले राहू द्या," तो म्हणाला. "तिले काही व्हयेल नही. मी तिले तुमना गावले पोचाडी दिसू. आजीजोडे राही."

मंगलाचा जीव भांड्यात पडला. तिनं योगिताकडं पाहून मान हलवली, रहा म्हणून. पण मागून एक म्हातारी म्हणाली, "ती बी त्यानाच ताटमा जेवनी व्हई. तिनी मायले इचारा."

उखानं विचारलं, "वहिनी, जेवनी का ती?"

आता मंगला ट्रककडं बघत नव्हती. ती पोरीच्या पायांकडं बघत होती. पायांत गणपतीला घेतलेल्या नव्या चपला होत्या. हे एक तरी सोडून दे, असं ती कोणाला म्हणत होती ते तिचं तिलाच माहीत. सुवर्णाचं बाळ पुढं कुठंतरी रडत होतं.

"काल सांजले जेवनी," ती म्हणाली. "एकाच ताटलीमा."

"नही जेवनी!" भिकन रस्त्यावरून ओरडला. "खोटं बोलस ती! उखा, नही जेवनी पोरगी!"

"मंगलाबाई काय खोटं बोलस का?" ट्रकमधून सुभद्राबाईचा आवाज आला. ती रडत होती. ती काही टोमणा मारत नव्हती. तिच्या दृष्टीनं ती मंगलाची खात्रीच देत होती.

उखानं योगिताला काखेत धरून खाली ठेवलं आणि हात पँटला पुसले. ट्रक हलला.

तिघं एका निंबाच्या झाडाखाली बसली. भिकन आडवा झाला. मंगलानं ताटल्या गोळा केल्या. एक ताटली गाडीखाली चेपली होती, तीही तिनं घेतली. गावाकडं जाणाऱ्या कोणत्याच गाडीत त्यांना आता जागा नव्हती. पण सुरतेकडं परत जाणारा रस्ता मोकळा होता, तिकडं कोणी जातच नव्हतं. बऱ्याच वेळानं भाजीचा एक टेंपो त्या बाजूनं आला. मंगला रस्त्यात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर गुजराती होता, तोंडाला रुमाल बांधलेला.

"दवाखाने जाना है," ती म्हणाली. "मेरे आदमी को बुखार है. खाँसी भी है. पहले ही बोलती हूँ."

ड्रायव्हरनं भिकनकडं पाहिलं. थोडा वेळ त्यानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "पाछळ बेसी जाओ," मागं बोट दाखवत तो म्हणाला. "मारे तो रोज जवानुं छे." त्याला रोजच या रस्त्यानं जावं लागत होतं. त्यानं आपल्याकडची काच तेवढी वर केली.

सरकारी दवाखान्याच्या दाराशी खरंच पोलीस होते. आतल्या डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी विचारलं ताप कधीपासून, थंडी वाजते का, घरात अजून कोणाला, प्रवास कुठं केला. मंगलानं जसं होतं तसं सगळं सांगितलं, ट्रकचंही. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा लिहू लागल्या. भिकनला आत नेलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मंगला आणि योगिता व्हरांड्यात राहिल्या. त्यांना कॅप्सूल मिळाल्या, त्या वेळच्या वेळी गिळायच्या. फिनाइलच्या वासानं पोरीला जेवण जाईना. आतून कधी स्ट्रेचर बाहेर यायचं, वर चादर ओढलेली. मंगला उठून उभी राहायची आणि चादरीखालचे पाय लांब की आखूड ते बघायची.

गावित भाऊ तिला शोधत आले. मिल बंद होती, ते गावी गेले नव्हते. डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. मंगला जेवली नाही. म्हणाली, "भाऊ, माझं मी बोलले, ते एक वेळ राहू द्या. पण पोरगी तर गेली असती ना आजीकडं. तिला मीच उतरवली."

तिला वाटलं, भाऊ आता काही शास्त्रातलं सांगतील. पण गावित भाऊंनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत नाही, ताई. मी असतो तर बोललो असतो का, तेही माहीत नाही. रविवारी बोलायला मला सोपं जातं." त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. आमेन म्हणून त्यांनी योगिताला भाकरी मोडून दिली.

रक्ताचा रिपोर्ट आला. भिकनला मलेरिया होता. प्लेग नव्हता.

मंगला पलंगाशी गेली तेव्हा त्याला ते कळलं होतं. कडू गोळ्यांनी त्याचा चेहरा वाळला होता. इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

"मलेरिया व्हता. ऐकं का? नुसता मलेरिया. आन तू माले कुत्राना मायक रस्तावर फेकाडं."

"तवा माले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुमले बी माहीत नव्हतं."

"माले काय माहीत व्हतं ते माले इचारू नको." त्यानं कूस बदलली. पाठीची हाडं मोजता येतील अशी दिसत होती. मंगला उभी राहिली, मग त्याचं भांडं धुवायला घेऊन गेली.

ती घरी आली तेव्हा गल्ली ओस होती. नवरात्र लागलं तसे लोक एकेक करत परतू लागले. सुभद्राबाई आली, सुवर्णा आली. बाळ ठणठणीत होतं. सुभद्राबाई दारावरून जाताना थांबली, "बरा शे का?" म्हणाली, उत्तर ऐकलं आणि पुढं गेली; उंबरा ओलांडला नाही. नळावर बाया मंगलाचा हंडा आला की आपले हंडे थोडे बाजूला घ्यायच्या. मलेरियाचं तिनं दोघी-तिघींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि हंडे होते तिथंच ठेवले. धागे कापायला साड्यांचा गठ्ठा तेवढा मिळाला, कारण ठेकेदाराला बायाच मिळत नव्हत्या.

भिकन दिवसभर पलंगावर पडून पत्र्याकडं बघायचा. मंगलानं वाढलं की जेवायचा. योगिताशी बोलायचा, मंगलाशी कामापुरतं. पाय थरथरायचे थांबले तशी एका सकाळी त्यानं दाढी केली. खाती चालू झाल्याचा आवाज दोन दिवसांपासून येत होता.

"खातावर जाई येस मी," म्हणाला आणि गेला.

दुपार व्हायच्या आत तो परत आला. मंगला दारात साडी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं नाही. तो उंबऱ्यावर बसला, चपला काढल्या आणि पायाचा चिखल बोटानं खरवडत राहिला.

"हजेरी लिखनारा मेताजी दारवर बठेल व्हता," शेवटी तो बोलला. "एकेकले इचारी राह्यंता, इतला दिन कोठे व्हता. दवाखानामा व्हता त्याले आत लेत नही. उखानी माले आधीच कानमा सांगं, सांग गावले व्हतू, मी हा म्हणसू."

"मंग?"

"मंग काय. मना नंबर उना. तोंडमा शब्द तयार व्हता. गावले व्हतू, एवढंच बोलानं व्हतं." त्यानं थुंकी गिळली. "मेताजीनी मनाकडे दखं. आन मी सांगी टाकं. दवाखानामा व्हतू, मलेरिया व्हता म्हणं. उखा कपाळवर हात मारी राह्यंता."

मंगलाची कात्री थांबली होती.

"दिवाळीनंतर ये म्हणे. तवा बी लेतीनच असं नही." आता त्याचा आवाज चढला. "मी काही तुना देवना मानूस नही. माले काही तठे गोडादऱ्याले यानं नही. तुना वारा लागना माले, दुसरं काही नही. चांगला कमावता मानूस तू बिघाडी टाका."

तो ओरडत होता, पण तिच्याकडं बघून ओरडत होता. दवाखान्यापासून त्यानं एवढी वाक्यं तिच्याशी सलग बोललीच नव्हती. मंगलाला रडू यावं असं वाटलं, पण अंगात तेवढंही बळ नव्हतं. ती उठली, त्याच्या हातावर पाणी घातलं. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं. घरात जाईल, पलंगावर पडेल असं तिला वाटलं. तो गेला नाही. गठ्ठ्यातली एक साडी ओढून त्यानं मांडीवर पसरली, उलटसुलट करून पाहिली. जरीच्या मागं लोंबणारे धागे त्याच्या जाड बोटांत सापडत नव्हते. गल्लीतून जाणारी एक बाई लूमवाल्या गड्याला बायकांचं काम करताना बघून थबकली. त्यानं मान वर केली नाही.

"दुसरी कातर शे का?" त्यानं विचारलं.

"योगितानी शे, लहानी," मंगला म्हणाली आणि आणायला आत गेली.